जेवली, जेवली

उदगीरच्या मोंढ्यात, धान्याच्या बाजारात, मल्लिनाथ आप्पांची आडत आहे, आणि त्या मोंढ्यात असा हमाल नाही, असा मुनीम नाही, ज्याला आप्पांनी गाठून रक्तदानाचं पुण्य समजावून सांगितलं नाही. वडील चन्नबसप्पा गेले तेव्हापासून दर पुण्यतिथीला आप्पा शिबिर भरवतात. मंडप काय, माइक काय, लातूरहून येणारी रक्तपेढीची गाडी काय, विचारू नका. एरवी चहा सांगायच्या आधी दोनदा विचार करणारा माणूस, पण त्या दिवशी हात सैल सोडणार म्हणजे सोडणारच.

आता एक गोष्ट आधीच सांगून टाकलेली बरी, म्हणजे पुढं घोळ नको. मल्लिनाथ आप्पांनी जन्मात कधी रक्त दिलेलं नाही. सुईची भीती. ती पण अशीतशी नव्हे. साखर तपासायला बोटाला टोचायचं म्हटलं तरी आप्पांना दरदरून घाम फुटतो आणि साखराबाईंना, म्हणजे त्यांच्या बायकोला, शेजारी बसून हात धरावा लागतो. शिबिरात आप्पा सगळ्यांत आधी खाटेवर आडवे होतात, बाही वर सारतात, मुठीत तो मऊ चेंडू धरतात, फोटो निघतो, आणि सुई जवळ यायच्या आत कोणीतरी पाहुणा आलेला असतो. मी आलोच, तुम्ही बाकीच्यांचं उरका, असं म्हणून आप्पा उठतात ते उठतातच. हे साखराबाईंशिवाय कोणालाच माहीत नव्हतं. गावाला वाटायचं, आप्पा दर साल देतात.

यंदा पुण्यतिथी आली ती नेमकी श्रावण सोमवारी. आप्पांना आनंद मावेना. महादेवाचा वार, वडलांचा दिवस आणि वर रक्तदान, म्हणजे दुधात साखरच. रक्तपेढीवाल्यांचा फोन आला की सोमवारी तुमच्याकडं उपास असतात, उपाशी माणसाचं आम्ही घेत नाही, मंगळवार धरा. आप्पांनी ते उडवून लावलं. आमची माणसं सकाळी फराळ करून येतील, म्हणाले. कशाचा फराळ आन् कशाचं काय. आप्पांच्या आळीत श्रावण सोमवार म्हणजे दिवसभर चुलीवर काही चढत नाही. चहा चालतो. बाकी संध्याकाळी मठात जाऊन आल्यावर, पूजा झाल्यावर. हे आप्पांना माहीत नव्हतं असं थोडंच आहे? पण पत्रिका छापून झाल्या होत्या आणि पुढाऱ्यानं वेळ दिली होती.

मग त्या सकाळी आप्पांनी माइक हातात घेतला आणि हसत हसत सांगितलं की डॉक्टरांनी विचारलं तर जेवलो म्हणा, एवढ्यानं काय होत नसतंय, परत पाठवलं तर पुण्य हुकंल. मंडळी हसली आणि रांगेला लागली. दोघा-तिघांना गरगरलं. त्यांना खुर्चीवर डोकं खाली घालून बसवलं, पाणी पाजलं, आणि महादेवानं निभावून नेलं असं आप्पांनीच जाहीर केलं. रक्त दिल्यावर साबुदाण्याची खिचडी ठेवली होती. निम्म्यांनी ती खाल्लीच नाही, पुडीत बांधून लेकरांसाठी घरी नेली.

दुपारी पुढारी आले. मंडपभर नजर टाकली आणि सहज म्हणाले, आप्पा, बायामाणसं दिसत न्हाईत. झालं. आप्पांना ते बोलणं असं लागलं की ते तडक मागच्या दारानं घरात गेले आणि सुनेला हाक मारली.

सून शिल्पा, नांदेडची. तिचे वडील विरूपाक्ष वीज मंडळात लाइनमन होते, आता घरीच असतात. पोरगी अठराची झाली तेव्हापासून दर वाढदिवसाला ही बाप-लेक सकाळी नांदेडच्या रक्तपेढीत जायची, शेजारशेजारच्या खाटांवर पडून रक्त द्यायची आणि येताना कुल्फी खायची. वाढदिवस म्हणजे एवढाच. केक नाही, मेणबत्ती नाही. लग्न ठरताना तिनं आप्पांच्या मुलाला, रविकिरणला, एकच गोष्ट विचारून घेतली होती की वाढदिवसाला मला माहेरी सोडाल ना. रविकिरण हो म्हणाला. आप्पांनी तर तेव्हा अख्ख्या मोंढ्याला ऐकवलं होतं की आमची होणारी सून कशी आहे बघा.

तर ती सून त्या सोमवारी देवघरासमोर फुलवाती वळत बसली होती. आप्पांनी सांगितलं, चल, पाच मिनिटांचं काम आहे. ती उठली, पण म्हणाली, मामा, उपाशीपोटी देत नसतात, दोन घास खाऊन येऊ का. आप्पांनी तिच्याकडं असं बघितलं जसं तिनं कांदा-लसूण मागितला.

"आज? सोमवारी? बाहेर सारं गाव बसलंय आन् आमची सून आत जेवून राहिली, असं बघू दे लोकांला?"

तिनं डोक्यावर पदर घेतला आणि मागून आली.

खाटेवर पडल्यावर रक्तपेढीच्या माणसानं नेहमीप्रमाणं विचारलं, ताई, जेवण झालं का. शिल्पा तोंड उघडणार, तेवढ्यात उशाशी उभे असलेले आप्पाच बोलले.

"जेवली, जेवली. आमच्या घरची सून उपाशी राहील व्हय?"

शिल्पानं एकदा सासऱ्याकडं बघितलं आणि मान दुसरीकडं वळवली. सुई गेली. ती हूं की चूं नाही. पिशवी भरली. रक्तपेढीचा माणूस म्हणत होता की उठू नका, दहा मिनिटं पडून राहा, पण पुढाऱ्यांना पुढं देवणीला जायचं होतं आणि फोटोवाला खोळंबला होता. आप्पांनी तिला उठवलं. प्रमाणपत्र तिच्या हातात दिलं, पुढाऱ्यांच्या शेजारी उभं केलं आणि इकडं बघ म्हणाले. ती बघायला वळली आणि उभ्याची आडवी झाली. पडताना टेबलाची कड भुवईवर लागली. रक्ताचे चार थेंब पुढाऱ्यांच्या पांढऱ्या शुभ्र कपड्यावर उडाले.

मंडपात एकच गलका झाला. रांगेतले दोघं चपला शोधायला लागले. आता शिबिर मोडतं की काय, या भीतीनं आप्पांनी माइक उचलला. काय बोलायचं ते ठरवलं नव्हतं, पण तोंडाला सवय होती.

"घाबरू नका, बसून घ्या. काय झालं न्हाई. आमच्या सूनबाई नांदेडच्या, जरा नाजूक हायेत. सुई बघितली की घाबरतात."

लोक हसले. पुढारीसुद्धा कपडे झटकत हसले. रांग पुन्हा धरली गेली. शिल्पा खाली सतरंजीवर पडली होती, साखराबाईंनी पदर तिच्या भुवईवर दाबून धरला होता, आणि तिचे डोळे उघडे होते. तिनं सगळं ऐकलं. आप्पांना ते दिसलं, आणि त्यांनी माइक खाली ठेवला.

भुवईला टाके पडले. संध्याकाळी उपास सुटला. पुरणाची पोळी पहिल्यांदा शिल्पाला वाढून साखराबाई बाहेर आल्या, आप्पांचं ताट समोर ठेवलं आणि त्यांना ऐकू जाईल एवढ्याच आवाजात म्हणाल्या की घाबरतं कोण, हे मला ठाऊक हाय. आप्पांचा हात तोंडापर्यंत गेला नाही. ताट तसंच परत गेलं.

वाटलं, चार दिवसांत लोक विसरतील. उदगीरची माणसं अशी गोष्ट विसरतात होय. लग्नाआधी आप्पांनीच ऐकवलेलं तिचं रक्तदान तेवढं विसरली. भाजीवाली शिल्पाला विचारायची, काय गं बाई, मिरची घेतीस का, का तिलाबी भेतीस. मठात बायका पोरांना सांगायच्या, लसीला रडू नका, त्या आप्पांच्या सुनेवानी. पुढं पुढं 'सुईवाली' हे नावच पडलं. रविकिरणही एकदा चारचौघांत तसं म्हणून हसला. शिल्पा कोणालाच काही बोलली नाही. दर वेळी आप्पांच्या घशाशी यायचं की सांगून टाकावं, पोरगी त्या दिवशी उपाशी होती आणि मी तिच्या वतीनं खोटं बोललो. आणि दर वेळी वाटायचं, एवढं बोललं तर पुढचं पण विचारतील. मग ते पानसुपारीचा विषय काढायचे.

मध्येच रक्तपेढीतून एका मुलीचा फोन आला. म्हणे रक्तदात्यांचा अनुभव कसा होता, ते विचारून राहिलो आम्ही सगळ्यांना. शिल्पाचे हात कणकेत होते म्हणून तिनं फोन ओट्यावर ठेवून आवाज मोठा केला. आप्पा बाहेरच्या खोलीत पेपर धरून बसले होते. कर्मचारी नीट बोलले का? बोलले. व्यवस्था कशी होती? चांगली. काही त्रास झाला? न्हाई. मग एकूण समाधानी आहात ना, असं त्या मुलीनं विचारलं आणि शिल्पा हाव म्हणाली. शेवटी तिनं विचारलं, पुन्हा रक्तदान कराल का. आतून परातीवर कणीक आपटल्याचा आवाज आला, मग तोही थांबला.

"बघू," शिल्पा म्हणाली.

आप्पांनी पेपर खाली ठेवला. त्या सगळ्या प्रश्नांत खरं उत्तर तेवढं एकच होतं, हे त्यांच्याइतकं कोणाला कळणार? दोन दिवसांनी तीच मुलगी आप्पांशी बोलली. अभिनंदन करत होती. म्हणाली, तुमच्या शिबिरातले सगळेच्या सगळे दाते समाधानी आहेत, एकाचीही तक्रार नाही, खिचडीचं तर सगळ्यांनी कौतुक केलं. अगं बाई, उदगीरचा माणूस ज्याच्या मंडपात बसला त्याचं वाईट बोलेल का? ज्यांनी खिचडी चाखली नव्हती त्यांनीही तिचं कौतुक केलं होतं. आप्पांनी तोंडातल्या तोंडात आभार मानले आणि फोन ठेवला. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी कौतुक मोंढ्यात सांगितलं नाही.

येळवस, म्हणजे वेळ अमावस्या, झाली. शेतात भज्जी-आंबील झाली, तिथंही बायकांनी शिल्पाला बाभळीचा काटा दाखवून चिडवलं. मग तिचा वाढदिवस जवळ आला. तुरीची आवक जोरात होती, रविकिरणला दुकान सोडता येईना. आप्पा म्हणाले, मीच सोडून येतो नांदेडला. साखराबाई डबा भरत होत्या, त्यांनी मान वर केली.

"जावा. पण तिथं काय बोलायचं ते इथंच ठरवून जावा. तिथं माइक नसतो."

गाडी निघाली. अहमदपूर गेलं. लोह्याला चहाला थांबले, तेव्हा आप्पांनी एवढंच विचारलं की दुखतं का गं अजून. शिल्पानं भुवईवरून बोट फिरवलं आणि न्हाई म्हणाली. आप्पांनी मनात ठरवून टाकलं होतं की इवायांना, शिल्पाच्या वडलांना, सांगायचं, उपास होता, त्यामुळं चक्कर आली, पोरगी भ्याली-बिली नव्हती. तेवढं पुरे होतं. आपण काय बोललो, ते कशाला उकरायचं? अर्धं सांगितलं तरी खरंच की ते.

नांदेडच्या घरी एकमेकांना शरणार्थी म्हणत नमस्कार झाले, पाणी झालं, चुरमुऱ्यांच्या सुशीलाच्या बशा आल्या. विरूपाक्ष बारीक अंगाचे, बोलायला मऊ. बशी हातात देऊन ते खाली बसलेच नाहीत. आप्पांच्या समोर उभे राहिले आणि त्यांनी दोन्ही हात जोडले.

"आप्पा, लई दिवसांचं मनात हाय. तुमच्याकडचा एक पाहुणा मागं एका लग्नात भेटला, त्यानं सांगितलं. आमच्या लेकीनं भरल्या मंडपात तुमची मान खाली घालायला लावली. माफी असावी. मलाच उमजंना, इतकी वर्षं माझ्या शेजारी पडून रक्त देणारी पोरगी सुईला कशी काय भ्याली."

आप्पा बशी धरून तसेच राहिले. लेकीच्या बापानं हात जोडायचे, ही रीतच आहे आपल्याकडं. लग्नात जोडतात, सणाला जोडतात, आप्पांनी आजवर ते कितीदा तरी सहज घेतले होते. पण हे हात त्यांना बघवेनात. आणि शिल्पा? ती स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. म्हणजे तिनं माहेरीसुद्धा सांगितलं नव्हतं. सख्ख्या बापाला, फोनवर, एका शब्दानं नाही.

"तसं न्हाई, इवाई," आप्पा घाईघाईनं म्हणाले. "भ्याली न्हाई ती. सोमवारचा उपास होता ना, म्हणून चक्कर आली."

हुश्श झालं त्यांना. पण विरूपाक्षांनी जोडलेले हात सोडले आणि ते लेकीकडं वळले. आवाज चढला नाही, पण मऊपणा गेला. म्हणाले, उपाशी होतीस? मग खाटेवर पडलीस कशी? ते विचारतात की जेवण झालं का म्हणून. जेवले म्हणून खोटं सांगितलंस तू? हेच शिकवलं का मी तुला? शिल्पानं मान खाली घातली आणि पायाच्या अंगठ्यानं फरशीची रेघ कोरत राहिली.

आता आली का पंचाईत. भित्री होती ती आता खोटारडी झाली, आणि तीही बापाच्या नजरेत, आप्पांच्या अर्ध्या खऱ्यामुळं. आप्पांना वाटलं, ती आता बोलेल. ती बोलली असती तर किती बरं झालं असतं. तिनं आप्पांकडं बघितलंसुद्धा नाही.

"तिनं न्हाई सांगितलं," आप्पा म्हणाले. बशी त्यांनी खाली ठेवली. "मी सांगितलं. जेवली म्हणून मीच बोललो. ती दोन घास खाते म्हणत होती, मी खाऊ दिलं न्हाई. पडून ऱ्हा म्हणत होते ते, मी फोटोला उठवलं. आन् पडली, तर माइकवर सांगितलं की सुईला भेती." ते थांबले. पुढचं बाहेर पडेना. "सुईला मी भेतो, इवाई. माझी भीती मीच तिच्या नावावर लावली. इतकी शिबिरं भरवली, पर आजवर एकदाबी दिलं न्हाई मी."

बाहेर भंगारवाला ओरडत गेला. आप्पांची मान वर होत नव्हती. त्यांना वाटत होतं, विरूपाक्षांनी चार शिव्या हासडाव्यात. पण लेकीचा बाप कुठला शिव्या हासडतोय. ते खाली बसले आणि शिल्पाला म्हणाले, मग मला तरी सांगायचंस.

"मामा माइकवर बोलले होते, बाबा," शिल्पा म्हणाली. "एवढ्या लोकांत. त्यांना खोटं कसं पाडायचं?"

विरूपाक्षांनी आप्पांकडं बघायचं टाळलं. बशी पुन्हा आप्पांच्या पुढं सरकवली आणि गार होऊन राहिलं, घ्या म्हणाले. हळूहळू त्यांचा चेहरा मोकळा व्हायला लागला. पोरगी भ्याली नव्हती, खोटं बोलली नव्हती. बापाला आणखी काय पाहिजे? झालं ते झालं, म्हणाले. उद्या सकाळी मस्त पोटभर खाऊ आणि दोघं जाऊ. रक्तपेढीतले लोक विचारूनच राहिलेत, यंदा लेक येणार का म्हणून.

"मी येत न्हाई, बाबा."

विरूपाक्ष हसले. थट्टा वाटली त्यांना. शिल्पा दारातून पुढं आली आणि जमिनीवर बसली. बापाकडं नाही, आप्पांकडं बघून बोलायला लागली, आणि बोलण्यात राग नव्हता, तेच वाईट होतं.

"मागल्या महिन्यात ताप आला होता बघा मला. रक्त तपासायला लिहून दिलं होतं. तपासलं म्हणून मी घरी सांगितलं, पर मी गेलेच न्हाई. दारापर्यंत गेले आन् आतली सुई दिसली, तर हातपाय गार पडले. ते सगळे हसताना ऐकू यायला लागले. मामा, तुम्ही बोलला तेव्हा ते खोटं होतं. आता खरं झालंय."

विरूपाक्ष तिला समजवायला लागले. मुंगी चावल्यासारखं तर असतं, एक क्षण डोळे मिटायचे, मी शेजारीच असतो, तूच लोकांना सांगायचीस की. आप्पा ऐकत होते. हे सगळं त्यांना जन्मभर लोकांनी सांगितलेलं होतं, आणि माइकवरून त्यांनीही लोकांना सांगितलेलं होतं. त्यातलं काही उपयोगाचं नसतं, हे त्या खोलीत फक्त त्यांना आणि शिल्पाला ठाऊक होतं. साखराबाई धरतात तसा पोरीचा हात धरावा असं त्यांना वाटलं, पण सासऱ्यानं सुनेचा हात कसा धरायचा?

रात्री इवायांनी आग्रहानं ठेवून घेतलं. सकाळी विरूपाक्षांनी पोटभर पोहे खाल्ले, इस्त्रीचा शर्ट घातला आणि चपला घालून दारात उभे राहिले. शिल्पा भांडी घासत होती. ती उठते का म्हणून त्यांनी जरा वाट बघितली, मग आप्पांकडं बघितलं. आप्पांनी मान खाली घातली. विरूपाक्ष एकटेच गेले.